फरक्क्याचे आकडे रोज उघडे करा, आणि गंगेचा करार मुदतीच्या आत करा : संयुक्त नदी आयोगाला खुलं पत्र

प्रति,
भारत-बांगलादेश संयुक्त नदी आयोगाचे सर्व सदस्य,
नवी दिल्ली आणि ढाका

सप्रेम नमस्कार,

गंगेच्या पाणीवाटपाचा करार 12 डिसेंबर 1996 ला दिल्लीत झाला, त्यावर देवेगौडा आणि शेख हसीना यांच्या सह्या आहेत, मुदत 30 वर्षांची, म्हणजे 12 डिसेंबर 2026 ला तो संपतोय. ही तारीख तुम्हाला मी सांगायची गरज नाही, पण आपल्याकडे लोकांना ती माहितीच नाहीये, चॅनलवर चर्चा नाही, आणि जिथे कुठे विषय निघतो तिथे दोन वाक्यांत गाडी "बंद करा त्यांचं पाणी" वर येते. म्हणून हे पत्र उघड लिहितोय, तुम्हालाही आणि तसं बोलणाऱ्या आपल्याच लोकांनाही.

मी काही नदीतज्ज्ञ नाही. आमची जमीन परभणी जिल्ह्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. टेलला म्हणजे काय ते कालव्यावरच्या कुणालाही विचारा. आवर्तन सुटलं असं पेपरात येतं, हेडच्या लोकांची भरणं चालू होतात, आणि आम्ही रात्री बॅटरी घेऊन चारीवर जाऊन बघायचं की पाणी आलं का, किती आलं, का मधेच कुणी अडवलं. पाणी कमी आलं ह्याचा त्रास होतोच, पण वरून किती सोडलं होतं हेच माहिती नसलं की जास्त संताप होतो, मग जो दिसेल त्याच्यावर संशय. गंगेच्या बाबतीत बांगलादेश टेलला आहे, बस, ह्या एका कारणासाठी मला हा विषय जवळचा वाटतो.

आता मराठी वाचणाऱ्यांसाठी थोडा हिशोब, कारण क्युसेकमधले (सेकंदाला किती घनफूट) आकडे ऐकून आपल्याला अंदाज येत नाही, आपल्याला टीएमसी (एक अब्ज घनफूट) कळतं. साधारण साडेअकरा हजार क्युसेक दिवसभर वाहिलं की एक टीएमसी होतं. करारात 35,000 क्युसेक हा आकडा परत परत येतो, तो म्हणजे रोजचे तीन टीएमसी. जायकवाडी पूर्ण भरलं तर सुमारे 102 टीएमसी. म्हणजे 35,000 क्युसेकने आपला अख्खा नाथसागर चौतीस-पस्तीस दिवसांत भरेल. आणि हे गंगेचं कडक उन्हाळ्यातलं पाणी आहे, पावसाळ्यातलं नाही.

करार फक्त 1 जानेवारी ते 31 मे ह्या पाच महिन्यांपुरता आहे, आणि दहा-दहा दिवसांच्या पाळ्या आहेत. पश्चिम बंगालमध्ये बांगलादेशच्या सीमेजवळ गंगेवर फरक्का बॅरेज आहे, तिथे 70 हजार क्युसेक किंवा त्याहून कमी पाणी आलं तर निम्मं निम्मं. 70 ते 75 हजार असेल तर बांगलादेशला 35 हजार आणि उरलेलं भारताला. 75 हजारांच्या वर गेलं की भारताला 40 हजार आणि बाकी सगळं त्यांना. आणि 11 मार्च ते 10 मे ह्या सगळ्यात ओढाताणीच्या दोन महिन्यांत एक पाळी बांगलादेशला खात्रीनं 35 हजार, पुढची पाळी भारताला, असं आलटून पालटून. करारासोबतच्या तक्त्यात 1949 ते 1988 ह्या चाळीस वर्षांची सरासरी धरलीय. त्यात 11 ते 20 एप्रिलला फरक्क्याला 62,633 क्युसेक येणार असं गृहीत धरलंय, ती पाळी भारताची, म्हणून आपल्याला 35,000 आणि त्यांना 27,633. लगेच पुढच्या पाळीत उलटं, त्यांना 35,000 आणि आपल्याला 25,992. मला हे वाचून खरंच बरं वाटलं होतं, कारण हे आपल्या पाटावरच्या पाळीसारखंच आहे, दोन देशांनी बसून आज तू, उद्या मी असं ठरवलं आणि इतकी वर्षं ते बऱ्यापैकी पाळलं. हे लहान काम नाही आणि त्याचं श्रेय आयोगाला आणि दोन्हीकडच्या इंजिनिअर लोकांना द्यायलाच हवं.

कारण करार नव्हता तेव्हा काय होतं तेही आठवून बघा. फरक्का बॅरेज बांधलं कोलकाता बंदरासाठी, हुगळीत गाळ साचत होता, तो ढकलायला गंगेचं पाणी सुमारे 38 किलोमीटरच्या फीडर कालव्यातून भागीरथीत, म्हणजे हुगळीच्याच वरच्या भागात वळवायचं, कालव्याची क्षमता 40 हजार क्युसेक. एप्रिल 1975 ला चाचणी म्हणून 21 एप्रिल ते 31 मे एवढ्याच दिवसांसाठी 11 ते 16 हजार क्युसेक घ्यायचं असं दोघांनी ठरवलं. ऑगस्टमध्ये तिकडे मुजीबूर रहमान यांची हत्या झाली, सगळं वातावरण फिरलं, आणि पुढचा उन्हाळा आला तेव्हा कुठलाही नवीन समझोता नसताना पाणी वळवणं चालूच राहिलं. मग 16 मे 1976 ला तिकडचे ज्येष्ठ नेते मौलाना भाशानी, नव्वदी ओलांडलेला माणूस, राजशाहीहून लोकांचा मोर्चा घेऊन फरक्क्याच्या दिशेनं निघाले. तिकडे अजून तो दिवस फरक्का दिवस म्हणून पाळतात. प्रकरण संयुक्त राष्ट्रांत गेलं. 1977 ला पाच वर्षांचा करार झाला, मग दोन तात्पुरते समझोते, ते 1988 ला संपले, आणि पुढची आठ वर्षं काहीच नाही. त्या काळात मार्च 1993 ला बांगलादेशातल्या हार्डिंज ब्रिजपाशी पद्मेचं (गंगेचं तिकडचं नाव) पाणी 10 हजार क्युसेकच्याही खाली गेलं होतं. एवढी मोठी नदी, आणि पुलाखाली वाळू.

बांगलादेशच्या नैर्ऋत्येला खुलनाकडे जाणारी गोराई नदी ही पद्मेचीच फांदी. पद्मेची पातळी उतरली की गोराईचं तोंड गाळानं बंद होतं, गोडं पाणी खाली जात नाही, मग समुद्राचं खारं पाणी वर चढतं, शेतात, विहिरीत, सुंदरबनात. सुंदरीची झाडं शेंड्याकडून वाळतात त्यामागे जी कारणं सांगतात त्यात हे खारेपण नेहमी येतं. सगळा दोष फरक्क्याचा असं मी म्हणत नाही, गाळ आहे, समुद्राची पातळी आहे, कोळंबीचे तलाव आहेत, पण वरून उन्हाळ्यात येणारं गोडं पाणी हा त्यातला मोठा भाग आहे हे नाकारता येत नाही.

आता मुद्द्यावर येतो. माझं मुख्य मागणं एकच आहे, आकडे उघडे करा.

तुमच्या करारातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मोजणी. दरवर्षी 1 जानेवारीला बांगलादेशचे इंजिनिअर फरक्क्याला येऊन राहतात आणि आपले इंजिनिअर तिकडे पाक्शीला हार्डिंज ब्रिजवर जाऊन राहतात, मे संपेपर्यंत. दोघं मिळून मोजतात. नदी आडवी ओलांडत ठिकठिकाणी खोली घ्यायची, पाण्याचा वेग घ्यायचा, त्यावरून प्रवाह काढायचा, आणि वहीत दोन्ही देशांनी मान्य केलेला एकच आकडा जातो. सरकारं बदलली, भांडणं झाली, व्हिसा बंद पडायची वेळ आली, तरी ही मोजणी सुरू राहिली. ऑगस्ट 2024 ला ढाक्यात सरकार गेलं, दोन्हीकडचे संबंध पार बिघडले, तरी मार्च 2025 ला तुमची संयुक्त समिती कोलकात्यात बसली आणि फरक्क्याला जाऊन आली. मला हे खूप मोठं वाटतं.

पण हा आकडा आपल्या लोकांपर्यंत पोचतो का? ढाक्याच्या बाजूनं दहा-दहा दिवसांचे वाटपाचे आकडे प्रसिद्ध होत आलेत. आपल्याकडे गंगा, ब्रह्मपुत्रा, सिंधू ह्या खोऱ्यांमधले प्रवाहाचे आकडे गोपनीय. पुराची पातळी साइटवर दिसते, पण उन्हाळ्यात किती पाणी वाहिलं हे भारतातल्या अभ्यास करणाऱ्याला सहज मिळत नाही. म्हणजे जो आकडा बांगलादेशच्या इंजिनिअरनं आपल्याच भूमीवर उभं राहून मोजलाय तो ढाक्याच्या पेपरात येऊ शकतो आणि पाटण्याच्या किंवा मालद्याच्या माणसाला कळत नाही. ह्यात कोणाची सुरक्षा होते ते मला खरंच समजत नाही.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. नाशिक-नगर वर आणि मराठवाडा खाली, हे भांडण गंगेपेक्षा काही कमी कडवट नाही, कोर्टापर्यंत गेलंय. 2005 च्या कायद्यात समन्यायी वाटप आलं, 2014 ला जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आदेश आला, त्यात जायकवाडीत ऑक्टोबरच्या मध्याला 65 टक्क्यांचा निकष ठरला, त्याहून कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचा हिशोब करायचा. भांडण मिटलं का? नाही. वरचेही कोर्टात जातात, आम्हीही जातो. पण आता पावसाळ्यात रोज सकाळी आमच्या गावातल्या ग्रुपवर नाथसागरची आवक, विसर्ग, टक्केवारी येते, नांदूर मधमेश्वरमधून किती सुटलं ते येतं, चहाच्या टपरीवर बसलेला म्हातारा माणूस सुद्धा सांगतो की आज बारा हजारानं चालू आहे, परवापर्यंत पैठणला पोचेल. भांडायचं तर आकड्यावर भांडतात. वरच्यांनी सगळं पाणी गिळलं अशी नुसती हवा उठवली तर दुसरा लगेच मोबाईल काढून दाखवतो. हा फरक मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय, म्हणून इतक्या हट्टानं म्हणतोय.

आणि आकडे नसले की काय होतं ते ऑगस्ट 2024 ला सगळ्यांनी बघितलंच. बांगलादेशात फेनीकडे भयानक पूर आला, आणि भारतानं त्रिपुरातल्या डुंबूर धरणाचे दरवाजे मुद्दाम उघडले अशी बातमी पसरली, विद्यार्थी रस्त्यावर आले. आपल्या परराष्ट्र खात्यानं सांगितलं की डुंबूर सीमेपासून 120 किलोमीटरवर आहे, मुख्य पाऊस धरणाच्या खालच्या भागातला आहे, आणि पाणी वाढतंय हा डेटा 21 ऑगस्टला दुपारी तीनपर्यंत पाठवला होता, पण संध्याकाळी सहाला पुरामुळे वीज गेली आणि संपर्क तुटला. बघा म्हणजे, जेव्हा डेटाची सगळ्यात जास्त गरज होती नेमकं तेव्हाच लाईट गेली म्हणून तो थांबला! एक सोलरवरचा, सॅटेलाईटला जोडलेला गेज तिथे असता तर निदान खालच्या गावांना काही तास आधी कळलं असतं, आणि ती अफवा इतकी पेटली नसती. ह्याला काही हजारो कोटी लागत नाहीत. पुढच्याच आठवड्यात फरक्क्याबद्दल तेच, सगळे दरवाजे उघडले म्हणून ओरड. तेव्हा फरक्क्यातून 11 लाख क्युसेकच्या वर पाणी जात होतं आणि पावसाळ्यात ते नेहमीच जातं, कारण फरक्का हे धरण नाही, बॅरेज आहे, त्याला साठवायला जागाच नाही, वरून येईल तेवढं खाली जाणार. ढाक्याच्या सदस्यांना माझी ह्यासाठी वेगळी विनंती आहे, तुमच्या लोकांना हे तुम्हीच शांतपणे समजावून सांगा, दरवर्षी जून महिन्यातच सांगा, पूर आल्यावर नाही. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे पाणी चढलं की अलमट्टीवरून हेच होतं, त्यामुळे लोकांची भीती मला कळते, भीतीला उत्तर वेळेवर आलेल्या आकड्याचंच लागतं.

"पाणी बंद करा" म्हणणाऱ्यांनाही हेच सांगायचंय. पावसाळ्यात 11 लाख क्युसेक बंद करून ठेवणार कुठे? उन्हाळ्यात कालव्याची क्षमताच 40 हजार, त्यापेक्षा जास्त वळवता येत नाही, दरवाजे लावून फुगवटा वाढवला तर बुडणार बिहार आणि मालदा. एप्रिल 2025 मध्ये पहलगामनंतर सिंधू करार स्थगित केला, त्यावर लोकांची मतं असतील, मी त्यात इथे शिरत नाही, पण तोच हिशोब बांगलादेशला लावायचा हे चूक आहे असं मला मनापासून वाटतं. शिवाय आपण पण कुठेतरी टेलला आहोतच ना. ब्रह्मपुत्रेवर चीननं जुलै 2025 मध्ये यारलुंग त्सांगपोच्या वळणावर महाकाय वीजप्रकल्पाचं काम सुरू केलं, आणि पावसाळ्यातला प्रवाहाचा डेटा द्यायचा त्यांच्याशी जो समझोता होता तो 2023 ला संपला. आपण चीनकडे काय मागतोय? आधी कळवा, डेटा द्या, खालच्याचं नुकसान करू नका. अगदी बरोबर मागतोय. मग हेच शब्द ढाका आपल्याला म्हणतो तेव्हा आपण कान बंद कसे करणार.

नव्या करारात काय काय असावं ह्यावर तुमच्याकडे जाणकार आहेत, तरी दोन-तीन गोष्टी सांगतोच. 1977 च्या करारात बांगलादेशला ठरलेल्या वाट्याच्या कमीत कमी 80 टक्के तरी मिळेल अशी हमी होती, 1996 मध्ये ती गेली. प्रवाह 50 हजारांच्या खाली गेला तर तातडीनं बोलायचं एवढंच आता लिहिलंय. बोलून ठरेपर्यंत दहा दिवसांची पाळी संपून जाते, तेव्हा खाली गेलं तर काय करायचं ते आधीच लिहून ठेवा. दुसरं म्हणजे चाळीस वर्षांची ती जुनी सरासरी. ती 1988 ला थांबते, त्यानंतर यूपी-बिहारमध्ये उपसा वाढलाय, पाऊस बदललाय, आणि करारात फरक्क्याला येणारा प्रवाह टिकवण्यासाठी वरच्या देशानं सर्वतोपरी प्रयत्न करावा एवढंच आहे. वर कुठे किती उचललं जातं त्याचा हिशोब मांडल्याशिवाय फरक्क्याला पुढे काय येणार हे कोणीच सांगू शकत नाही. आणि नदीला स्वतःला काय? आत्ताच्या वाटपात आलेलं सगळं पाणी दोघांत वाटून संपतं. इलिश मासा पूर्वी समुद्रातून वर चढत अलाहाबादपर्यंत यायचा, बॅरेज झालं आणि वरच्या मच्छिमारांचा तो धंदाच बसला. थोडा तरी वाटा नदीचा म्हणून बाजूला काढा.

आणि राज्यांना घेऊन बसा, हे फार महत्त्वाचं. 1996 चा करार जमला त्यात पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांचा मोठा हात होता. 2011 ला तीस्ता नदीच्या कराराच्या वेळी ममता बॅनर्जी ऐनवेळी ढाक्याच्या दौऱ्यातून बाहेर पडल्या आणि तो करार अजून लटकलाय. जून 2024 ला त्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं की गंगेच्या करारावर बोलणी करताना राज्याला विचारलंच नाही. त्यांचं राजकारण सोडून द्या, पण मालदा-मुर्शिदाबादला नदीनं काठ खाल्लाय, घरं, शाळा, बागा पाण्यात गेल्यात, त्या लोकांना ह्या करारात जागा नाही. तिकडे बिहारमध्ये नितीश कुमारांनी 2016 च्या पुरानंतर गाळासाठी फरक्काच काढून टाका म्हटलं होतं. बंगालमध्ये धूप, बिहारमध्ये गाळ, खुलनाला खारं पाणी, ही एकाच नदीची दुखणी आहेत आणि ती वेगवेगळ्या टेबलांवर मांडली जातात. नेपाळ तर टेबलावरच नाही, आणि उन्हाळ्यात गंगेत जे पाणी असतं त्यातला बराच मोठा हिस्सा नेपाळच्या नद्यांमधून येतो. उन्हाळ्यातला प्रवाह वाढवायचा उपाय मिळून शोधू असं तुमच्याच करारात आठव्या कलमात लिहिलंय, तीस वर्षं ते तसंच पडून आहे.

एक तक्रार थेट तुमच्याबद्दल. आयोग 1972 पासून आहे. मंत्री पातळीची 37 वी बैठक मार्च 2010 ला झाली आणि 38 वी ऑगस्ट 2022 ला. बारा वर्षं! 54 नद्या सामायिक आहेत, त्यातल्या एका गंगेचा पूर्ण करार, आणि कुशियारा, फेनीचे छोटे समझोते, बाकीच्यांचं काय चाललंय ते कोणालाच कळत नाही. बैठक वर्षातून एकदा झालीच पाहिजे आणि झाल्यावर काय ठरलं ते बंगाली, हिंदी, इंग्रजीत लगेच बाहेर आलं पाहिजे, दोन राजधान्यांची दोन वेगळी प्रेसनोट नको.

करार 12 डिसेंबरला संपला आणि नवा झाला नाही तर 1 जानेवारी 2027 ला फरक्क्याला आणि पाक्शीला जाणाऱ्या टीमला कोणत्या कागदाच्या आधारावर पाठवणार, हे मला तुमच्याकडून ऐकायचंय. सगळे वाद सुटेपर्यंत थांबायचं असेल तर निदान आहे तोच करार दोन-तीन वर्षं पुढे चालू ठेवतोय असं आत्ताच जाहीर करा, मोजणी एक दिवसही बंद पडू देऊ नका, आणि त्या 1 जानेवारीपासून फरक्क्याला किती आलं, कालव्यात किती गेलं, खाली किती सोडलं आणि हार्डिंज ब्रिजला किती पोचलं हे चार आकडे रोज संध्याकाळी दोन्ही देशांच्या साइटवर टाका.

आपला,
गोदावरी खोऱ्यातला, टेलचा एक शेतकरी